विटांच्या मागची भिंत

लॉकी मॅकास्किलनं आयुष्यात कुणाला दारातून परत पाठवलं नव्हतं. आमच्या पोर्ट अलिस्टर या कोळीगावात तशी रीतच नाही. दार वाजवायचीसुद्धा रीत नाही. बूट झटकायचे, सरळ आत यायचं आणि चहाची किटली गरम आहे का ते बघायचं. पण त्या जानेवारीत त्यानं रोंडा बीटनला तिच्या टेपसकट, टॉर्चसकट आपल्या कामाच्या शेडमधून बाहेर काढलं. तिच्या बापाबरोबर लॉकीनं एकाच होडीवर उभी हयात घालवली होती, आणि रोंडा त्याला बोलायला लागल्यापासून काका म्हणत आली होती.

झालं होतं असं, की विमा कंपनीतून फोन आला. एक गोड आवाजाची बाई होती. तुमच्या घराला जोडून शेड आहे, शेडमध्ये लाकडाची लोखंडी चूल आहे, तर ती नियमाप्रमाणे बसवली आहे का याचा दाखला महिनाअखेर पाठवा, नाहीतर घराचा विमा बंद होईल, असं तिनं सांगितलं. लॉकी म्हणाला, "बाई, ती चूल तुमच्या वयापेक्षा जुनी आहे." बाई हसली आणि म्हणाली, "म्हणूनच विचारतेय."

आमच्या भागात असा दाखला देणारी एकच व्यक्ती, ती रोंडा. गावच्या आगीच्या बंबावर ती कप्तान आहे, आणि चुली-धुराडी तपासायचा रीतसर परवाना तिच्याकडे आहे. म्हणून लॉकीनं तिलाच बोलावलं. मनात शंका नव्हतीच. घरचीच पोर, येईल, चहा पिईल, सही करील.

पाठ मोडल्यापासून लॉकी समुद्रावर जात नव्हता. डेकवर पडला, ते दुखणं कायमचं बसलं. तेव्हापासून तो शेवंडं, म्हणजे लॉब्स्टर, पकडायचे सापळे करायचा, तेही लाकडाचे. हल्लीची पोरं तारेचे वापरतात, पण आमच्या किनाऱ्यावर काही जुने कोळी अजून म्हणतात की लाकडी सापळा तळाशी नीट बसतो, शेवंड त्याला बिचकत नाही. स्प्रूसच्या लाकडाच्या पट्ट्या कापायच्या, कमानीच्या काठ्या वाफवून वाकवायच्या, खिळे ठोकायचे. हंगाम मे महिन्यात उघडतो, म्हणजे सगळं काम हिवाळ्यातलं. आणि हिवाळ्यात चुलीशिवाय हे काम होत नाही. वाफ तिच्यावरच व्हायची, गारठलेली बोटं तिच्यापाशीच मोकळी व्हायची.

ती चूल रोंडाच्या बापानं, हेक्टरनं, जहाजाच्या जुन्या टाकीचं पोलाद कापून जोडून दिली होती. तिच्यामागे लॉकीनं विटांची भिंत बांधली होती. पाडलेल्या मासळीच्या कारखान्यातल्या विटा त्यानं घसरगाडीवरून ओढून आणल्या होत्या, आणि एफीनं, त्याच्या बायकोनं, घमेल्यात सिमेंट कालवलं होतं. लाकडी भिंतीला आग लागू नये म्हणून विटा. कुणीही येऊन बघावं असं ते काम होतं, ओळंबा लावून एकेक थर चढवलेला.

त्या भिंतीच्या पलीकडे घराची मागची खोली. दोन शरदांपूर्वी एफीला झटका आला, उजवं अंग गेलं, तेव्हा जिना चढणं बंद झालं आणि लॉकीनं तिचा पलंग या खोलीत लावला. घर तापवणारी तेलाची भट्टी जुनी, तिची ऊब मागच्या खोलीपर्यंत पोचायची नाही. पण ही भिंत दिवसभर कोमट असायची. एफी डावा हात तिच्यावर टेकवून पडून राहायची. "मांजर... बसलंय," असं म्हणायची. झटक्यानंतर तिच्या तोंडून शब्द एकेक करून, विहिरीतून पोहरा ओढावा तसे यायचे. डोकं मात्र होतं तसंच तल्लख होतं, आणि जीभ चालली की लॉकीची खोडी काढल्याशिवाय राहायची नाही.

रोंडा आली, चहा प्यायली, आणि मग तिनं टेप काढला. चूल ते भिंत, धुराचा नळ ते छत, चुलीचं दार ते पुढची फळी, असं सगळं मोजलं. बाहेर जाऊन बर्फात उभी राहून धुराडं बघितलं. परत आली तेव्हा तिचा चेहरा बघून लॉकीला कळलं की काहीतरी बिनसलंय.

"काका, या चुलीवर कसली पट्टी नाही."

"पट्टी कसली? तुझ्या बापानं केलीय ती."

"म्हणूनच नाही. तपासलेल्या चुलीवर लिहिलेलं असतं, कुठून किती लांब ठेवायची ते. हिच्यावर नाही, म्हणजे हिला चारी बाजूंनी चार फूट मोकळे लागतात. तुमची चूल भिंतीपासून फूटभर आहे."

"ती भिंत विटांची आहे, पोरी."

"विटांच्या मागे लाकूड आहे ना?"

"आहे. विटा त्याच्यासाठीच आहेत."

रोंडानं हातमोजा काढला, विटांवर तळवा ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली. "वीट उष्णता अडवत नाही, काका. पिते आणि मागे देते. मध्ये हवेला जागा ठेवली असती तर गोष्ट वेगळी. तुम्ही विटा लाकडाला चिकटवून बांधल्यात." मग म्हणाली, "एक वीट काढून बघू का?"

लॉकीच्या कानात गरम वाफ भरल्यासारखं झालं. तो म्हणाला, "तुझ्या बापाची चूल आणि माझी भिंत. दोघांना खोटं पाडायला आलीस होय?"

"तसं नाही हो. पलीकडे एफीकाकू झोपतात ना?"

"एफीचं मी बघतो. तू तुझा टेप गुंडाळ."

"विमा राहू दे बाजूला. मी आत्ता सांगते ते ऐका. ही चूल पेटवू नका."

"हे बघ," लॉकी म्हणाला, "माझी चूल बंद झाली की माझं काम बंद. काम बंद झालं की मोराग तिच्या आईला शहरातल्या वृद्धाश्रमात टाकणार. तुला तेच हवंय? दार तिकडे आहे."

रोंडानं टेप गुंडाळला आणि गेली.

मोराग म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. ती अल्बर्टात तेलाच्या कामावर, इथून अर्धा देश दूर. बिचारी वाईट नव्हती, पण दर रविवारी फोनवर तेच. "बाबा, तू एकटा किती करशील? तिथं नर्सा आहेत." लॉकी दरवेळी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचा. शहरातल्या त्या आश्रमाविषयी आमच्या गावात एकच बोललं जायचं, की तिथं आत गेलेलं माणूस परत येताना कुणी बघितलं नाही.

रोंडा गेल्यावर त्यानं मुद्दाम चूल पेटवली. पण मन लागेना. लाकूड घालायला वाकला की नजर विटांकडे जायची. शेवटी त्यानं आग विझू दिली आणि दोन दिवस चूल गार ठेवली. त्या दोन दिवसांत आखातावरून वारा सुटला. मागच्या खोलीत विजेचा हीटर लावला तर फ्यूज उडाला. परत लावला, परत उडाला. एफीला त्यानं तीन गोधड्या घातल्या, डोक्याला लोकरीची टोपी घातली. तिचं नाक लाल झालेलं, ओठ निळसर. पलंग स्वयंपाकघरात नेऊ म्हटलं तर तो दारातून जाईना. आजाऱ्यांसाठी सरकारनं दिलेला पलंग, आतच जोडलेला. तिला खांद्याचा आधार देऊन खुर्चीपर्यंत चार पावलं चालवताना लॉकीच्या पाठीत अशी कळ आली की दोघंही कोसळता कोसळता वाचले.

"चूल," एफी म्हणाली. "पेटव... ना. का... नाही?"

"धुराडं साफ करायचंय."

ती त्याच्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षांच्या संसारात लॉकीला तिच्याशी एकदाही धड खोटं बोलता आलं नव्हतं.

त्यात कॉलिनचा फोन आला. कॉलिन म्हणजे शेजारच्या बंदरातला कोळी, लॉकीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. सापळे कुठवर आलेत म्हणून विचारत होता. लॉकी म्हणाला, होताहेत. फोन ठेवला आणि तिथंच भिंतीला डोकं टेकून उभा राहिला. चूल पेटवावी तर रोंडाचं बोलणं, न पेटवावी तर बायको गारठते आणि काम बुडतं. विमा गेला तर उद्या घराचं काही झालं तर रस्त्यावर. सगळ्या दिशा बघून झाल्या आणि सगळीकडे बर्फाची भिंत.

मग त्याच्या डोक्यात आलं की वीट आपणच काढावी. आत लाकूड चांगलं निघालं, की रोंडाला बोलावून दाखवायचं, आणि तिच्या नाकावर टिच्चून चूल पेटवायची. या विचारानं त्याला इतकं बरं वाटलं की शिट्टी वाजवत तो छिन्नी-हातोडी घेऊन शेडमध्ये गेला.

चुलीच्या मागच्या मधल्या थरातली एक वीट त्यानं निवडली. सिमेंट पक्कं होतं, एफीनं कालवलेलं. बराच वेळ लागला. वीट हलली, सुटली, हातात आली. आत अंधार होता. त्यानं टॉर्च लावला, आणि त्याला आधी वाटलं की आत डांबर फासलंय. डांबर कुठलं असणार. त्यानं बोट घातलं. बोट लाकडात घुसलं. शिळ्या केकमध्ये घुसावं तसं. बाहेर काढलं तर टोकाला कोळसा.

त्यानं दुसरी वीट काढली. तिसरी काढली. ज्या फळ्या त्यानं स्वतः रंधा मारून, खिळे ठोकून बसवल्या होत्या त्या काळ्या पडून सुसरीच्या पाठीसारख्या तडकल्या होत्या. वर्षानुवर्षं विटांनी त्यांना हळूहळू भाजलं होतं, ना धूर, ना वास. खालचा उभा वासा त्यानं छिन्नीनं खरवडला. जितकं खरवडावं तितकं काळंच निघत गेलं. पलीकडच्या बाजूला फक्त बोटभर लाकूड शाबूत होतं आणि त्याच्यावर खोलीचा फिकट निळा रंग.

त्या बोटभर लाकडाला हात टेकवून एफी दोन हिवाळे झोपली होती.

लॉकी भुशात खाली बसला. त्याला आठवलं, थंडी जास्त असली की तो मुद्दाम जास्तीचे ओंडके टाकायचा, म्हणजे तिला ऊब मिळेल. झोपायला जाण्याआधी चूल ठासून भरायचा. मग त्याला एकदम भास झाला की आत कुठेतरी धुमसतंय. उठून त्यानं बादल्या भरून पाणी आणलं आणि त्या भोकांतून आत फेकत राहिला. चूल दोन दिवस गार होती, आत काही नव्हतं, हे कळत असूनही फेकत राहिला. पाणी विटांवरून ओघळून जमिनीवर गोठायला लागलं.

पलीकडून एफीचा आवाज आला. "लॉकी... काय... करतोयस?"

स्वयंपाकघरात जाऊन त्यानं रोंडाला फोन लावला. म्हणाला, "मी वीट काढली." रोंडा म्हणाली, "निघाले."

तिनं आल्यावर एका शब्दानं उणंदुणं काढलं नाही, आणि लॉकीला तेच सोसेना. तिनं सुरीनं वासे टोचून पाहिले आणि म्हणाली, "भिंत सगळी उतरवावी लागेल. दोन्ही बाजूंनी."

"म्हणजे एफीची खोली उघडी पडणार."

"हो."

"किती दिवस?"

"नवी चूल मागवायची, ती यायला वेळ लागेल. भिंत, धुराडं, जमीन. काका, मला खोटं सांगता येणार नाही. मार्च उजाडेल."

एफीला कुठं ठेवायचं, हा प्रश्न दोघांच्याही मनात होता आणि उत्तरही दोघांना माहीत होतं. रोंडाच्या घरी जिना होता आणि तीन पोरं. मोरागला फोन केला. ती रडली, मग म्हणाली, "बाबा, आता तरी ऐक. तात्पुरतंच म्हणून ने, पण ने."

आश्रमात नेताना लॉकीनं एफीला खरं सांगितलं. गाडीत सांगितलं, रस्त्याकडे बघत, कारण तिच्याकडे बघून सांगणं त्याला जमलं नसतं. भिंत आतून जळाली होती. मीच जाळत होतो. तू तिला टेकून झोपायचीस.

एफी म्हणाली, "सिमेंट... माझं. पक्कं... होतं?"

"पक्कं होतं. छिन्नी बोथटली."

"मग... झालं," ती म्हणाली. जरा वेळानं तिचं तोंड वेडंवाकडं झालं आणि त्याला कळलं की ती रडतेय. "लॉकी, मला... तिथं... सोडू नकोस."

"नाही सोडणार."

"सगळे... तेच... सांगतात."

चूल घ्यायची म्हणून लॉकीनं आपली होडी विकली. समुद्रावर जाणं बंद झालं तरी त्यानं ती ठेवली होती. उन्हाळ्यात तिला रंग द्यायचा आणि खाडीत एक चक्कर मारायचा, इतकंच. कॉलिननं घेतली. लॉकी तिच्याकडे वळूनसुद्धा न बघता घरी आला.

मग तो कामाला जुंपला. रोंडा आणि बंबावरचे दोन गडी भिंत पाडायला आले, पुढचं त्यानं एकट्यानं केलं. विटा एकेक करून बाहेर बर्फात रचल्या. जळके वासे कापून काढले. नवे वासे, नव्या फळ्या. हेक्टरची चूल तोडायला त्याचा हात धजेना, म्हणून ती बाहेर ताडपत्रीखाली ठेवली. शेडमध्ये आता ऊब म्हणून काही नव्हतीच. बोटांना भेगा पडून रक्त यायचं, पट्टी बांधून तो परत स्क्रू पिळायचा. दुपारी भाकरीएवढा ब्रेड काकवीत बुडवून उभ्या उभ्या खायचा. रंगाचे, व्हार्निशचे, पेट्रोलचे डबे चुलीच्या खोलीत चालणार नाहीत म्हणून त्यांच्यासाठी परसात वेगळं खोपटं केलं. चुलीखाली दगडी फरशी घातली, दारापुढे हातभर जास्तीची, निखारा उडाला तर भुशावर पडू नये म्हणून. भिंतीवर पत्रा मारला, भिंतीपासून इंचभर पुढे, मागून हवा खेळावी म्हणून. नवं दुहेरी कवचाचं धुराडं छपराच्या कण्याच्याही वर चढवलं. छपरावर चढताना पाठीला पट्टा बांधला होता, तरी उतरल्यावर अर्धा तास उठता आलं नाही.

सुरुवातीला तो एक दिवसाआड आश्रमात जायचा. मग फेब्रुवारीत वादळांवर वादळं आली, रस्ता बंद पडला, आणि आठवडाभर जाता आलं नाही. फोनवर एफीला बोलणं जमायचं नाही. नुसता श्वास ऐकू यायचा. नर्स म्हणाली, "त्या जेवत नाहीत नीट. दाराकडे तोंड करून बसतात."

त्या आठवड्यात लॉकीनं अंगात ताप असताना काम केलं. कधीकधी पत्र्याशी बोलायचा, कधी देवाशी, कधी मेलेल्या हेक्टरशी. हेक्टरला तो म्हणाला, "तू वरून काही बोलू नकोस, तुझी पोर पुरेशी आहे."

रस्ता मोकळा झाल्यावर रोंडा तपासायला आली. लॉकी टोपी हातात घेऊन उभा, शाळेत उभा राहावा तसा. तिनं सगळं मोजलं. धुराडं बरोबर. फरशी बरोबर. मग ती गुडघ्यावर बसली आणि पत्र्याच्या खालच्या कडेवरून बोट फिरवू लागली. लॉकीनं ती कड सिमेंटनं भरून घेतली होती, उंदीर जाऊ नये आणि दिसायला स्वच्छ दिसावं म्हणून.

"काका," रोंडा म्हणाली, आणि थांबली.

"बोल."

"हवा आत कुठून जाणार?"

लॉकीनं खाली बघितलं. वरून हवा निघायला फट ठेवली होती, खालून आत यायला वाट नव्हती. पत्र्याच्या मागे कोंडलेली हवा तापत राहिली असती आणि लाकडानं पुन्हा तेच भोगलं असतं.

"मी सही करू शकत नाही," रोंडा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आज करावीशी वाटतेय, पण नाही करू शकत."

लॉकीनं टोपी डोक्यावर चढवली. तिच्यावर ओरडायचं त्राण उरलं नव्हतं, आणि मनही नव्हतं. तो म्हणाला, "छिन्नी दे ती." आणि तिथंच ओणवा झाला. पाठ साथ देईना, तेव्हा कुशीवर आडवा पडून सिमेंट फोडत राहिला. रोंडा जरा वेळ बघत राहिली; मग अंगातला कोट काढून त्याच्याशेजारी पडली आणि दुसऱ्या टोकानं फोडायला लागली. मध्येच एकदा तिनं विचारलं, "इतकं पक्कं कुणी कालवायला सांगितलं होतं?" आणि लॉकी म्हणाला, "एफीकडून शिकलो."

खालची कड मोकळी झाली, तिथं उंदरांसाठी जाळी ठोकली, आणि रोंडानं पुन्हा पहिल्यापासून सगळं मोजलं. मग सही केली. विम्याची मुदत केव्हाच उलटून गेली होती. तिनंच कंपनीशी भांडून ती वाढवून घेतली होती, हे लॉकीला नंतर कळलं.

एफी घरी आली तेव्हा मार्च संपत आला होता आणि आखातातला बर्फ अजून हलला नव्हता. आश्रमातून परत आलेली ती गावातली पहिलीच, असं सगळे म्हणाले. पण किंमत मोजावी लागलीच. जाताना ती लॉकीच्या खांद्याला धरून खुर्चीपर्यंत चार पावलं टाकायची. येताना ती पावलं गेली होती. नर्सांनी प्रयत्न केले, तिनंच सोडून दिलं होतं. ते चालणं पुन्हा आलं नाही. लॉकी ते कधी विसरला नाही, आणि रोंडानं कितीही समजावलं तरी त्याला कधी पटलं नाही की यात त्याचा दोष नव्हता.

कॉलिनला कबूल केलेल्या सापळ्यांपैकी निम्मेच झाले. उरलेले त्यानं तारेचे घेतले.

आणल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लॉकीनं चाकांच्या खुर्चीतून एफीला शेडमध्ये आणलं. चूल पेटली होती, तिच्या दाराला काच होती. फरशीच्या कडेपासून आणखी दोन पावलं मागे त्यानं खुर्ची लावली आणि चाकं अडकवली.

"लांब... आहे," एफी म्हणाली.

"तिथंच बस. तिथून दिसतं."

"थंडी... वाजते."

त्यानं तिच्या पायांवर गोधडी घातली, वर आपला कोट घातला. तरी ती कुरकुरत राहिली, मग काचेतल्या जाळाकडे बघत बसली. लॉकीनं स्प्रूसची पट्टी उचलली, माप घेतलं आणि करवत चालवायला लागला.

"वाकडी... जातेय," एफी मागून म्हणाली.

लॉकीनं बघितलं. खरंच वाकडी जात होती. त्यानं पट्टी उलटी करून नव्यानं खूण केली.